दोन मीटर, पंधरा मिनिटं आणि ब्लूटूथचा अंदाज

मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात वाळवा तालुक्यातलं इस्लामपूर राज्यभर गाजलं. सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबात कोरोना निघाला आणि बघता बघता नात्यागोत्यातल्या वीसहून अधिक जणांना लागण झाली. ही साखळी शोधली ती आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि प्रशासनाने, माणसांना विचारून. कोण कुणाकडे जेवायला गेलं, कोण कुणाच्या गाडीवर बसलं, हे एकेक करून लिहून घेतलं गेलं. जवळ आलेल्या फोनांची ब्लूटूथवरून नोंद ठेवून संपर्क शोधणारं आरोग्य सेतू ॲप आलं ते त्यानंतर, 2 एप्रिलला.

माणसामागून माणूस शोधण्याची ही पद्धत जुनीच. देवीचा रोग हटवताना 1970 च्या दशकात घरोघर फिरून रुग्ण हुडकले जात आणि आसपासच्या सगळ्यांना लस टोचली जाई. देवी अंगावर दिसत, म्हणून ते जमलं. कोरोना मात्र लक्षणं दिसायच्या आधीच पसरत होता. शिवाय सातारा-कराड एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं नाव रुग्ण सांगणार तरी कसा? नेमकी हीच उणीव ॲप भरून काढेल, असा भरवसा दिला गेला. सिंगापूरने 20 मार्च 2020 रोजी ट्रेसटुगेदर हे असंच ॲप आणलं आणि एकामागून एक देश त्या वाटेने गेले.

पण ज्या ब्लूटूथवर हे सगळं उभं राहिलं, ते अंतर मोजायला जन्मलेलंच नव्हतं. 1994 च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत त्याचं काम सुरू झालं ते वायरीशिवाय उपकरणं जोडण्यासाठी. ॲप फक्त समोरच्या फोनचा सिग्नल किती जोरात येतो ते पाहतं आणि त्यावरून अंतराचा अंदाज बांधतं. ह्या लहरी साधारण 2.4 गिगाहर्ट्झच्या. माणसाच्या शरीरातलं पाणी त्या शोषून घेतं, पत्रा त्या उलट फेकतो, पातळ भिंतीतून त्या आरपार जातात. म्हणजे मागच्या खिशातला फोन जवळच्या माणसाला लांबचा ठरवू शकतो, आणि भिंतीपलीकडचा शेजारी, ज्याची गाठही पडलेली नाही, तो ‘संपर्कात’ येऊ शकतो.

त्यामुळे चाचण्या आल्या. जर्मनीत एप्रिल 2020 मध्ये बर्लिनच्या लष्करी तळावर सैनिकांच्या हाती फोन देऊन मापं घेतली गेली. ब्रिटनने पहिलं ॲप आइल ऑफ वाइट बेटावर वापरून पाहिलं, तेव्हा त्याला अँड्रॉइड फोन 75 टक्के सापडले आणि आयफोन अवघे 4 टक्के. ते ॲप जूनमध्ये गुंडाळलं गेलं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची चाचणी. डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी स्वयंसेवकांना फोन घेऊन ट्राममध्ये बसवलं. दोन मीटरच्या आत पंधरा मिनिटं म्हणजे जवळचा संपर्क, हे माप. फोनांच्या जवळपास निम्म्या जोड्या दोन मीटरच्या आत, पंधरा मिनिटांहून जास्त वेळ होत्या. स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या ॲपचे निकष लावले तर संपर्काचा एकही इशारा उमटला नाही. इटलीचे निकष लावले तर खरे संपर्क निम्मे सापडले, आणि लांब बसलेल्यांतल्याही निम्म्यांना इशारा गेला. चिठ्ठ्या टाकून नावं काढली असती तरी साधारण तेवढंच हाती लागलं असतं.

आपल्याकडे 1 मे 2020 च्या आदेशाने आरोग्य सेतू नोकरदारांना सक्तीचं झालं. 17 मे रोजी ती सक्ती सैल केली गेली. आधी सक्ती आणि अचूकतेची चर्चा मागाहून, हा क्रम मला आजही पटत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चाललेला असतो तेव्हा अडत्या बोली पुकारतो, व्यापारी खांद्याला खांदा लावून उभे असतात, हमाल पोती हलवत असतात. हमालाचा फोन काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशात, अडत्याचा कानाला, शेतकऱ्याचा साधा बटणांचा. काही घरांत तर एकुलता स्मार्टफोन पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घरीच राहिलेला. अचूकतेची चाचणी घ्यायची तर ती इथे घ्यायला हवी, आणि खिडक्या बंद केलेल्या पावसाळी एसटीत. कारण अंतर बिनचूक मोजलं तरी हवा खेळती आहे की कोंडलेली, हे ब्लूटूथला कळत नाही. कोंडलेल्या हवेत हा विषाणू दोन मीटरच्या पुढेही जातो.

ॲप निरुपयोगीच होती असं मात्र म्हणता येत नाही. ब्रिटनचं दुसरं ॲप सप्टेंबर 2020 मध्ये आलं. इंग्लंड-वेल्समध्ये त्याने वर्षाअखेरपर्यंत सुमारे तीन ते सहा लाख रुग्ण टाळले, असा अंदाज नेचर या नियतकालिकातल्या अभ्यासात आहे. तिथे चौथाईहून जास्त लोक ते वापरत होते. उलट ऑस्ट्रेलियाच्या कोविडसेफ ॲपने माणसांच्या हातून निसटलेले फक्त 17 संपर्क शोधले.

आरोग्य सेतूमधली संपर्कशोधाची सोय बंद केल्याचं आणि त्यातली माहिती पुसल्याचं केंद्र सरकारने फेब्रुवारी 2023 मध्ये संसदेत सांगितलं. क्षयरोग्याच्या घरातल्यांची तपासणी मात्र गावागावात आजही आशाताईच दारात जाऊन, विचारपूस करून घडवून आणतात.