एकाच मशीनमध्ये गरम कॉफी आणि गार चहा

जपानमध्ये थंडीत रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर थांबायची वेळ आली तर तिथल्या व्हेंडिंग मशीनमधून कॉफीचा कॅन नक्की घ्या. नाणी टाकायची, बटण दाबायचं, खाली धाडकन आवाज येतो आणि झाकण ढकलून हात आत घातला की चांगला कढत कॅन हाताला लागतो. मी तर तो आधी दोन मिनिटं कोटाच्या खिशातच ठेवला, बोटं शेकायला. आणि मित्राने त्याच मशीनमधून घेतलेली चहाची बाटली एकदम गारेगार! लाल पट्टी असेल तर गरम, निळी असेल तर गार, एवढंच बघायचं.

असं मशीन पोक्का नावाच्या कंपनीने 1973 मध्ये आणलं. मला जगातल्या सगळ्या चित्रविचित्र मशीन्समध्ये हे सगळ्यात भारी वाटतं, कारण त्याच्या पोटात जे चालतं ते खरंच बघण्यासारखं आहे.

फ्रीज गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, विहिरीतून पाणी उपसावं तशी. घरचा फ्रीज चालू असताना त्याच्या मागच्या बाजूजवळ हात नेऊन बघा, गरम लागेल, ती तुमच्या दुधाभाजीतलीच उष्णता (आणि थोडी कॉम्प्रेसरची). आधीच्या मशीन्समध्ये गार कप्प्यातली ही उष्णता अशीच बाहेर सोडून द्यायचे आणि शेजारच्या कप्प्यात कॉफी तापवायला वेगळा हीटर लावायचे, म्हणजे एकीकडे फेकायचं आणि दुसरीकडे तेच विकत घ्यायचं. मग हीट पंप आला. त्याने गार कप्प्यातून काढलेली उष्णता थेट गरम कप्प्यात नेऊन सोडली. चहा गार होताना जी उष्णता निघते त्याच उष्णतेवर कॉफी तापते, किती सुंदर आहे हे!

शिवाय आतले सगळे कॅन गार नसतातच. उभ्या रांगेत जे सगळ्यात खाली, म्हणजे लगेच विकले जाणार, तेवढेच गार करतात, वरचे आपले नंबर लागायची वाट बघत असतात. 2011 च्या भूकंपानंतर जपानमध्ये विजेची टंचाई झाली, तेव्हा आणखी पुढची पायरी गाठली. 2013 मध्ये कोकाकोलाने तिथे असं मशीन काढलं की ते रात्री, विजेची मागणी कमी असताना, माल गार करून घेतं आणि मग 16 तासांपर्यंत गार करायचं काम बंद ठेवू शकतं. भिंतींना थर्माससारखं निर्वात आवरण असतं आणि गार झालेले कॅनच गारव्याचा साठा होतात, त्यामुळे भर दुपारीही कोला गारच मिळतो.

बाकी विचित्र माल म्हणाल तर तोही भरपूर. जपानातच भाजलेला अख्खा मासा घातलेल्या सूपच्या अर्काच्या बाटल्या मिळतात, सिंगापूरला 15 मजली काचेच्या टॉवरमधून महागड्या गाड्या खाली येतात, फ्रान्समध्ये ग्रेनोबलला 2015 मध्ये बटण दाबलं की कागदाच्या लांब पट्टीवर छोटी गोष्ट छापून देणारी मशीन्स लागली, तीही फुकट.

पण माल कुठलाही असो, दुकानदार नसताना पैसे खरे की खोटे हे ओळखायचं कसं, हा प्रश्न फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या हिरोन या ग्रीक यंत्रकाराने देवळातल्या पवित्र पाण्याच्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलंय. नाणं एका तबकडीवर पडायचं, त्याच्या वजनाने दांडी कलायची, झडप उघडायची, पाणी यायचं, आणि कललेल्या तबकडीवरून नाणं घसरून पडलं की झडप बंद. पण त्याला फक्त वजन कळायचं, त्याच वजनाची चकती टाकली तरी पाणी मिळालं असतं.

यावर पुढे चुंबकाचा उपाय निघाला. उतारावरून घरंगळणारं नाणं चुंबकाजवळून गेलं की त्याच्या धातूत विजेचे छोटे भोवरे तयार होतात आणि ते नाण्याच्या गतीला विरोध करतात. तांब्याचा वेग खूप कमी होतो, शिशाचा जेमतेम, आणि लोखंडाची चकती तर चुंबकालाच चिकटते. मग खरं नाणं ठरलेल्या वेगाने बरोबर आपल्या खाचेत पडतं, खोटं मात्र भलतीकडे जातं. आता हेच काम तारेची वेटोळी आणि चिप करतात, पण धातू ओळखायची युक्ती विजेच्या भोवऱ्यांचीच. आपल्या स्टेशनवरचं ते रंगीत दिव्यांचं वजनाचं मशीन, नाणं टाकलं की एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेलं कार्ड देणारं, तेही याच घराण्यातलं. आपलं हल्लीचं रुपयाचं नाणं मात्र स्टीलचं, चुंबकाला चिकटणारं, त्यामुळे त्याच्यासाठी ही जुनी पद्धत चालत नाही.

हे भोवरे घरीही बघता येतात. ॲल्युमिनियमची जाड परात तिरकी धरा, तिच्यावरून आधी एखादी पितळी चकती सोडा आणि मग तेवढ्याच आकाराचं, जोरदार निओडिमियमचं चुंबक. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरी ते एवढं हळू उतरतं की मुलं पुन्हा पुन्हा सोडून बघतात.