शर्यत की पाठशिवणी? जीवाणू-फेज सहउत्क्रांतीची पार्श्वभूमी

जीवाणूंना संसर्ग करणारे विषाणू, म्हणजेच फेज, १९१५ ते १९१७ दरम्यान सापडले. औषध म्हणून त्यांचा जो वापर झाला, ती कहाणी वेगळी. सहउत्क्रांतीच्या, म्हणजे एकमेकांच्या दबावाखाली दोघांनीही बदलत जाण्याच्या, दृष्टीने पहिला खरा टप्पा १९४३चा. फेजला दाद न देणारे जीवाणू फेज समोर आल्यामुळे घडत नाहीत. यदृच्छेने झालेल्या उत्परिवर्तनांतून ते आधीपासूनच वस्तीत असतात, हे त्या वर्षी सिद्ध झाले. दोन वर्षांत अशा जीवाणूंनाही गाठणारे फेज हाती लागले. डाव आणि प्रतिडाव दोन्ही दिसले. पुढे मात्र बराच काळ फेज हे मुख्यतः जनुक समजून घेण्याचे साधन म्हणूनच वापरले गेले.

१९७७मध्ये ई. कोलाय हा जीवाणू आणि टी७ हा फेज सतत ताजे पोषक द्रावण मिळणाऱ्या भांड्यात एकत्र वाढवले, तेव्हा सामना लवकर आटोपला. जीवाणूंत प्रतिकार आला, फेजने त्यावर तोड काढली, जीवाणूंत दुसरा प्रतिकार आला आणि त्यावर फेजला तोड सापडली नाही. तरीही फेज संपला नाही. प्रतिकारक वाण अन्नाच्या चुरशीत मागे पडतात, त्यामुळे फेजला बळी पडणारे जुने जीवाणूही टिकून राहिले आणि फेजचे त्यांच्यावर भागले. १९८०च्या दशकात यातून मत बनले की हा सामना मुळातच विषम आहे: फेज ज्या ग्राही रेणूला चिकटतो तो गाळून टाकला तरी जीवाणूचे निभावते, फेजला मात्र नवी पकड घडवावी लागते.

या मताला २००२मध्ये धक्का बसला. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जीवाणू आणि त्याचा फेज काचेच्या कुप्यांत ठेवले. दर दोन दिवसांनी एक टक्का मिश्रण नव्या कुपीत घालायचे, असे जीवाणूंच्या सुमारे ४०० पिढ्या चालले. मधले नमुने गोठवून ठेवलेले. चाचणी साधी होती. आगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पोषक थराच्या, बशीत फेजची एक रेघ ओढायची आणि तिला छेदून जीवाणूंची दुसरी. जीवाणू छेदापाशी विरळ झाले तर ते बळी, पलीकडे तसेच दाट वाढले तर प्रतिकारक. गोठवलेल्या साठ्यामुळे आजचा जीवाणू कालच्या आणि उद्याच्या फेजसमोरही उभा करता आला. तो कालच्या फेजला पुरून उरला, उद्याच्या फेजपुढे मात्र नमला.

यावरून ‘शस्त्रस्पर्धा’ हा शब्द रूढ झाला आणि इथेच घोळ आहे. शस्त्रस्पर्धेत जुनी हत्यारे साठत जातात; आज जो वरचढ, तो कालच्या सगळ्यांना भारी. पण २०११मध्ये याच जोडीच्या कुप्यांत ही चढाओढ काळानुसार मंदावून दुसऱ्याच चालीवर गेलेली आढळली. त्याच वर्षी मातीतल्या प्रयोगात तर जीवाणू समकालीन फेजला सर्वाधिक दाद देईनासे झाले. कालच्या आणि उद्याच्या फेजविरुद्ध त्यांचा प्रतिकार कमी भरला. म्हणजे नवा प्रतिकार येताना जुना सुटतो, कारण मातीत तो बाळगणे महाग पडते. शास्त्रीय भाषेत ही ‘दोलायमान निवड’. खरे तर ही पाठशिवणी आहे, राज्य फक्त आलटूनपालटून येते. माझ्या मते पहिला शब्द टिकला तो ऐकायला जोरकस म्हणून. भरपूर अन्न असलेल्या कुपीचा गुणधर्म त्यामुळे निसर्गाच्या नावावर खपला.

पुढच्या घडामोडींनी ग्राही रेणूवरचे लक्षच विभागले. क्रिस्पर ही जीवाणूच्या डीएनएतली बचावयंत्रणा; साठवलेल्या तुकड्यांशी जुळणारा फेज ती ओळखून अडवते. तिच्या साखळीतले तुकडे फेजच्या डीएनएशी जुळतात हे २००५मध्ये लक्षात आले. हल्ल्यानंतर जीवाणू असे नवे तुकडे जोडतो, हे २००७मध्ये दही लावणाऱ्या जीवाणूत दिसले. नवा तुकडा साखळीच्या एका टोकाला बसतो, म्हणून ती जुन्या चकमकींची रोजनिशीच. फेजला निसटायला कधी डीएनएतल्या एका अक्षराचा बदलही पुरतो, आणि क्रिस्पर निकामी करणारी त्याची प्रथिने २०१३मध्ये सापडली. २०१६च्या एका प्रयोगात मात्र वेगवेगळे तुकडे बाळगणारे जीवाणू एकत्र ठेवले, तेव्हा फेज नामशेष झाला. सगळ्यांकडे एकच तुकडा असलेल्या वस्तीत तो तगून राहिला होता.