पीबीओ आणि फिक्स ओव्हरक्लॉक: बायोसमधले शेजारी, स्वभावाने उलटे

रायझन, म्हणजे एएमडीचा प्रोसेसर असलेल्या पीसीच्या बायोसमध्ये ओव्हरक्लॉकिंगचा (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा) मेन्यू पहिल्यांदा उघडला की एएमडीचा इशारा समोर येतो: पुढचं नुकसान वॉरंटीत बसणार नाही, मान्य असेल तरच आत या. धीर करून आत गेलं की पर्यायांची रांग लागते. त्यातले पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह) आणि सीपीयू रेशो (१०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) हे दोन नवख्याला सारखेच वाटतात. दोन्हींनी प्रोसेसर पळवायचा, मग फरक काय? फरक असा, की पीबीओमध्ये चिपचा स्वतःचा हिशेब चालू ठेवून तिला जरा मोकळीक द्यायची असते, आणि रेशो बदलला की तो हिशेब बंद पाडून आकडा आपण ठोकायचा असतो; हाच फिक्स ओव्हरक्लॉक.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला रायझन ५ ५६००एक्स घ्या. सहा कोर, बेस ३.७ गिगाहर्ट्झ, बूस्ट ४.६. हा वरचा आकडा एखाद-दुसऱ्या कोरवर काम असताना दिसतो. सगळे कोर राबायला लागले की चिप आपणहून थोडी खाली येते, कारण तिला मर्यादा घालून दिलेल्या असतात. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी खरी पॉवर मर्यादा, म्हणजे पीपीटी, ७६ वॅटची आहे. करंटसाठी टीडीसी (सतत चालणारा) ६० अँपिअर आणि ईडीसी (क्षणिक कमाल) ९०. शिवाय तापमान. हे सगळं सतत तपासत ती वेग ठरवते.

आता रेशो ४६ केला आणि व्होल्टेज हाताने दिलं, की सहाही कोर ४.६ वर खिळले. सिनेबेंच या सगळे कोर राबवणाऱ्या चाचणीचा स्कोअर वाढतो, माणूस खूश होतो. गेम लावला की मात्र एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जागचे हलत नाहीत, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. बरेचसे गेम मोजक्याच थ्रेडवर (कोरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर) अडकलेले असतात आणि त्या कोरना ४.६ च्या आसपासचा बूस्ट आधीपासूनच मिळत होता. तुमची चिप सगळ्या कोरवर ४.५ च पेलत असेल, तर मेहनत करून गेमिंगचा वेग कमी केला, असाच त्याचा अर्थ. फिक्स ओव्हरक्लॉक शोभतो तो ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावणाऱ्याला किंवा व्हिडिओ एन्कोड करणाऱ्याला.

पीबीओमध्ये वरच्या तीन मर्यादा सैल करता येतात आणि बूस्टची कमाल २०० मेगाहर्ट्झपर्यंत वर सरकवता येते. पण खरी गंमत त्याच्या पोटात असलेल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये आहे. कुठल्या वेगाला किती व्होल्टेज हे प्रत्येक कोरला कारखान्यातून ठरवून दिलेलं असतं, आणि त्यात सगळ्यांना पुरेल असा ढिलेपणा ठेवलेला असतो. तिथे उणे १० टाकलं की व्होल्टेज कमी होतं. एका पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. व्होल्टेज घटलं की उष्णता घटते, मर्यादेखाली जागा उरते आणि चिप त्या जागेत आणखी वर चढते. कमी देऊन जास्त मिळतं, हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही.

व्होल्टेजवरून एक घोळ हमखास होतो. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं की काही न करता बसलेल्या पीसीतही मधूनच १.४५ व्होल्ट झळकतात. नवखा आधी घाबरतो. मग कुणीतरी हे नॉर्मल आहे म्हणून सांगतं आणि तो फिक्स ओव्हरक्लॉकला बिनदिक्कत १.४ देऊन मोकळा होतो. ते १.४५ एका कोरला, क्षणभर आणि अगदी कमी करंटवर मिळत होते. सहाही कोर पूर्ण भारावर तापलेले असताना १.४ देणं ही वेगळीच गोष्ट आहे. चिप झिजते ती अशाने. फिक्स मोडमध्ये पीपीटी, टीडीसी, ईडीसीचे लगामही सुटलेले असतात.

उन्हाळ्यात हा फरक आणखी बोचतो. खोली तापली की पीबीओवाली चिप थोडा वेग सोडते आणि निभावून नेते. फिक्सवाली सोडत नाही. जानेवारीत पास झालेला सेटअप मे महिन्यात नागपूरच्या कूलर नसलेल्या खोलीत, तेही खोक्यात आलेल्या रेथ स्टेल्थ फॅनवर, थेट ९५ अंशांच्या मर्यादेला जाऊन भिडू शकतो.

दोघांचं कोसळणंही वेगळं, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक महिना-महिना रॅमला नाहीतर विंडोजला शिव्या घालत बसतात. फिक्स ओव्हरक्लॉक कच्चा असेल तर बहुतेकदा भाराखाली पडतो: सिनेबेंच लावा, निळा स्क्रीन हजर. कर्व्ह ऑप्टिमायझरचं उलट. सिनेबेंच तासभर चालतं, गेमही चालतो, आणि रात्री ब्राउझरमध्ये एखादं पान उघडताना पीसी गपकन रीस्टार्ट होतो. कारण सगळे कोर राबत असताना वेग मुळातच खाली असतो. आपण कापलेलं व्होल्टेज कमी पडतं ते एकटा कोर शिखरावर पोचतो तेव्हा. म्हणून इथे चाचणीसाठी कोअरसायकलर हवं, एकेका कोरला आळीपाळीने पिळणारं, आणि ते रात्रभर चालू ठेवायचं.

रीस्टार्ट झालाच तर विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची) १८ क्रमांकाची नोंद सापडली, तर तिच्या तपशिलात प्रोसेसरचा एपिक आयडी, म्हणजे थ्रेडचा क्रमांक असतो. ५६००एक्सवर एका कोरचे दोन थ्रेड असतात, म्हणून त्याला दोनने भागा: ६ किंवा ७ असेल तर शून्यापासून मोजत कोर ३. फक्त त्या कोरचं उणे २० हे उणे १५ करा, बाकीच्यांना हात लावू नका. बहुधा तो कोर एएमडीच्या रायझन मास्टर या सॉफ्टवेअरमध्ये ताऱ्याची खूण असलेला, म्हणजे उत्तम ठरवलेला निघतो. उत्तम कोरला कारखान्यातच कमी व्होल्टेज दिलेलं असतं, त्यामुळे कापायला फारसं शिल्लक नसतं.

छातीत धडधड होणाऱ्याला मी फिक्सच्या वाटेला जायला सांगणारच नाही. पीबीओच्या मर्यादा आहेत तशा ठेवा, सगळ्या कोरना उणे १० द्या, आठवडाभर वापरा. त्याआधी दोन गोष्टी बघा. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर ९८-९९ टक्के असेल, तर सीपीयूशी खेळून एफपीएस वाढणार नाहीत. आणि टास्क मॅनेजरमध्ये ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रेंगाळताना दिसली, तर आधी एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारी बायोसमधली सेटिंग) चालू करा आणि ते स्थिर आहे याची खात्री झाल्यावरच कर्व्हला हात घाला. दोन्ही एकदम बदललं तर गुन्हेगार सापडत नाही.

काही चिपवर ही निवड कंपनीनेच करून टाकली आहे. रायझन ७ ७८००एक्स३डीवर रेशो वाढवता येत नाही, कर्व्ह ऑप्टिमायझर चालतो. ९८००एक्स३डीवर दोन्ही खुलं आहे. ए५२० चिपसेटचा मदरबोर्ड असेल तर रेशोचा विषयच मिटला.

उणे कर्व्हने चिप जळत नाही, कारण तुम्ही व्होल्टेज वाढवत नसून कमी करता आहात. क्रॅशमध्ये एखादी फाइल मात्र खराब होऊ शकते, तेव्हा बॅकअप आधी. पीसी सुरूच झाला नाही तर बरेचसे बोर्ड दोन-चार फसलेल्या प्रयत्नांनंतर आपोआप मूळ सेटिंगवर येतात. नाहीच आले तर पॉवर केबल काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवा.