शाळेतील परस्परविश्वास

शिक्षक, मुख्याध्यापक, पालक आणि विद्यार्थी यांच्या रोजच्या व्यवहारातून साठत जाणारा भरवसा. हे शाळेचे सामाजिक भांडवल होय. ‘आपण मिळून या मुलांना शिकवू शकतो’ ही शिक्षकांची सामायिक खात्री, म्हणजेच सामूहिक आत्मविश्वास, त्यावरच उभी राहते.

‘सामाजिक भांडवल’ ही संज्ञा सुरुवातीला वापरली गेली ती शाळेच्याच संदर्भात. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ग्रामीण शाळांचे पर्यवेक्षक एल. जे. हॅनिफन यांनी १९१६ मध्ये, गावकरी शाळेत जमू लागल्यावर गावाचे काय भले होते हे सांगताना ती योजली. पुढे समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८८ मध्ये तिला सैद्धांतिक बैठक दिली.

या विषयातला सर्वांत बोलका अनुभव शिकागोचा. तेथे १९८८ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला पालक, रहिवासी आणि शिक्षकांची निवडून दिलेली परिषद मिळाली. कायदा एकच, तरी काही शाळा वर आल्या, काही तिथेच राहिल्या. शिक्षण-संशोधक अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी (२००२) हा फरक विश्वासाशी जोडून दाखवला. भक्कम विश्वासाच्या शाळांपैकी दोनांत एक शाळा वाचन-गणितात सुधारली. विश्वास तुटपुंजा असलेल्यांत सातांत एक. आदर, कामातली कुवत, आपुलकी आणि सचोटी या चार गोष्टींवरून माणसे एकमेकांना जोखतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

विश्वास म्हणजे नुसते गोडीगुलाबीने राहणे नव्हे. ‘माझ्या वर्गाला हातच्याची वजाबाकी जमत नाही, तुम्ही कशी शिकवता?’ असे शिक्षक-खोलीत विचारता येणे, सहकाऱ्याला आपल्या तासाला मागच्या बाकावर बसू देणे, हा विश्वास. अडचण लपवावी लागत नाही तेव्हाच तिच्यावर तोडगा निघतो आणि खात्री वाढते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांना १९९३ च्या, ७९ प्राथमिक शाळांच्या अभ्यासात ही सामूहिक खात्री मुलांच्या प्रगतीशी निगडित आढळली. हे नाते दुहेरी आहे: मुले शिकली की खात्रीही बळावते.

भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असण्याची तरतूद केली. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांतही या समित्या आहेत. मात्र इतिवृत्ताची वही सहीपुरती घरोघर फिरवली, तर समिती कागदावरच राहते. त्याच पालकासमोर मुलाची गणिताची वही उघडून ‘हा इथे अडतो’ एवढे सांगितले, तरी बोलणे सुरू होते.