पॅरिसचं सेंटर म्हणजे आयफेल टॉवर? नाही हो!

प्रत्येक ट्रिपच्या आधी कोणीतरी सांगतंच, पॅरिसला हॉटेल टॉवरजवळच घे, तेच सेंटर, बाकी सगळं लांब पडतं. अहो, टॉवर शहराच्या पश्चिमेला आहे, ७व्या विभागात. पॅरिसचे २० विभाग लूव्र संग्रहालयापासून गोगलगायीच्या शंखासारखे गोल फिरत बाहेर जातात, आणि पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभाग, ७५०१२ म्हणजे १२वा. कोड ९२, ९३, ९४ ने सुरू झाला तर नावात पॅरिस असलं तरी हॉटेल शहराबाहेर, एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं.

टॉवर खिडकीतून दिसतो म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे आणि दिवसभर फिरायचं भलतीकडेच, कशाला? मी तर नासिओं स्टेशनच्या आसपास बघेन (आपल्या नाशिकचा काही संबंध नाही 😄), तिथून मेट्रो १ ने थेट लूव्र, आरइआर ए या उपनगरी रेल्वेने थेट डिस्नेलँड, आणि मेट्रो ६ ने टॉवर. टॉवरसाठी बीर-हाकेमला उतरतात, पण एकदा न उतरता पासीपर्यंत जा, गाडी पुलावरून सेन नदी ओलांडते तेव्हा उजव्या खिडकीत अख्खा टॉवर, तोही तिकिटाच्या पैशात.