बर्ड फीडरवर खारी, उंदीर आणि मांजरे येऊ नयेत म्हणून

चिमण्या आणि मुनियांसाठी ठेवलेली बाजरी व राळा खारीच फस्त करतात, अशी तक्रार आमचे ग्राहक नेहमी करतात. फीडर आंब्याच्या किंवा पेरूच्या फांदीला टांगलेला असेल, तर कोणतीही जाळी खारीला फार काळ अडवू शकत नाही. त्याऐवजी अंगणात मोकळ्या जागी गुळगुळीत लोखंडी नळी रोवून तिच्यावर फीडर बसवावा, ती कुंपणाची भिंत, फांद्या आणि कपडे वाळवण्याची तार यांपासून सात-आठ फूट तरी दूर ठेवावी आणि जमिनीपासून चार-पाच फुटांवर तिला पत्र्याची शंकूच्या आकाराची टोपी, तोंड खाली करून, बसवावी. नळीवरून चढलेली खार टोपीच्या आतल्या बाजूला पोचते आणि पुढे नखे रोवायला जागा न मिळाल्याने परत फिरते. नळीला तेल किंवा ग्रीस मात्र कधीही लावू नये. ते पिसांना चिकटले की पक्ष्याला उडणेही कठीण होते.

दाण्यांत तिखट मिसळावे का, असेही अनेकजण विचारतात. मिरचीतला कॅप्सायसिन हा घटक सस्तन प्राण्यांच्या तोंडाची आग करतो, पक्ष्यांना मात्र तो झोंबत नाही. पोपट हिरवी मिरची सुखाने खातो तो यामुळेच. तरीही आम्ही हा उपाय सुचवत नाही, कारण नागपूरच्या उन्हाळी वाऱ्यात सुकी पूड उडते आणि ती घरातल्या लहान मुलांच्या डोळ्यांत जाऊ शकते.

उंदीर आणि घुशी येतात त्या मुख्यतः खाली सांडलेल्या दाण्यांसाठी. मिश्र दाणे घातले की चिमणी नको असलेला दाणा चोचीने बाजूला उडवते आणि तोच रात्री उंदरांचे खाद्य होतो. म्हणून सकाळी दिवसभरात संपेल एवढेच, शक्यतो एकाच प्रकारचे धान्य घालावे, फीडरखाली ताट बसवावे आणि सूर्यास्तापूर्वी ताट रिकामे करून खालची जमीन झाडून घ्यावी. पावसाळ्यात भिजलेले दाणे त्याच दिवशी काढून टाकावेत. उंदरांचे विष ठेवू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे: विष खाल्लेला उंदीर पिंगळ्याने किंवा शेजारच्या मांजराने खाल्ला, तर तेही दगावू शकतात.

मांजर दबा धरून बसते, त्यामुळे फीडरच्या अगदी लगत दाट झुडूप किंवा कुंड्यांची रांग नसावी.

सेमिनरी हिल्स, गोरेवाडा यांसारख्या झाडीलगतच्या भागांत वानरे येत असतील, तर फीडर काही आठवडे उतरवून ठेवणे हाच खरा उपाय आहे. वानर हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित प्राणी असल्याने त्याला इजा होईल असे काहीही करू नये.

जुन्या फीडरला टोपी बसवून हवी असल्यास नळीचा घेर दोरीने मोजून ती दोरी दुकानात आणावी. त्या मापाची टोपी आम्ही कापून देतो.