गर्दी गप्प का राहते?

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमध्ये दाराजवळची मुलगी सॅक छातीशी धरून थोडी सरकते आणि मागचा माणूसही तेवढाच सरकतो. चार-पाच जणांना ते दिसते. पण बाकीचे शांत आहेत, म्हणजे तसे काही नसावे, असे समजून प्रत्येक जण पुन्हा मोबाइलमध्ये डोके घालतो.

याला भित्रेपणा म्हणून मोकळे होणे चूक ठरेल. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना इंटरकॉमवर एका विद्यार्थ्याला फिट आल्याचे ऐकवले होते. ते ऐकणारे आपण एकटेच, असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण फिट ओसरण्यापूर्वीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. न उठलेल्यांपैकी अनेकांचे हात मात्र थरथरत होते. त्यांना काळजी होती, काय करावे ते ठरत नव्हते.

म्हणूनच तरुणांना धाडसाचे धडे देण्यापेक्षा नेमकी कृती शिकवली पाहिजे, आणि तीही मोठ्याने बोलून घेऊन, कारण ऐन वेळी शब्द फुटत नाहीत. त्या माणसाशी हुज्जत घालण्याची गरज नसते. ‘अगं, तू इकडे कुठे? ये, इथे जागा आहे,’ एवढे मुलीला म्हणत मध्ये उभे राहिले, तरी त्याचा डाव मोडतो. एकट्याने जमत नसेल तर शेजारच्याला थेट सांगावे: ‘काका, जरा माझ्यासोबत उभे राहा.’ धोका वाटल्यास अंतर राखून रेल्वेच्या १३९ वर किंवा आपत्कालीन मदतीच्या ११२ वर फोन करावा. व्हिडिओ काढला असेल तर तो फक्त तिच्याच हाती द्यावा, ग्रुपवर कदापि टाकू नये.

लोकलपेक्षा अवघड जागा ओळखीच्यांमधली असते. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. येऊरच्या बंगल्यावर वाढदिवस रंगलेला असताना धड उभेही राहता न येणाऱ्या मैत्रिणीला आपलाच मित्र ‘घरी सोडतो’ म्हणून एकटीला नेऊ लागला, तर त्याला ‘चल, आधी केक कापू’ म्हणत बाजूला घ्यायचे आणि दुसऱ्या मैत्रिणीने तिच्याजवळ बसायचे, हे आधीच ठरलेले असावे. मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

प्रसंग टळल्यावर लगेच निघून जाऊ नये. ‘तू एकटी का होतीस?’ असे न विचारता, ‘मी थांबू का तुझ्यासोबत? कुणाला फोन लावायचाय?’ एवढेच विचारावे आणि ती काय म्हणते ते ऐकावे.